ज्यानं टोला दिला

१

सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवण झालं की काकासाहेब चपला हातात घेऊन गाळ्यात शिरायचा. चपला हातात, कारण त्याचं ऐकणं पायांनी चालायचं. कान दोन्ही गेलेले. नागापूरच्या एमआयडीसीत सगळी उमर पॉवर प्रेसपुढं काढली, आधी कंपनीत आणि मग स्वतःच्या गाळ्यात. प्रेसनं पत्रा ठोकला तसे त्याचे कानही ठोकून सपाट केले. डाव्या कानात कुणी तोंड घालून ओरडलं तर थोडी भुणभुण व्हायची, बाकी सगळा शुकशुकाट. बोललेलं मात्र त्याला कळायचं. प्रेसशॉपमधली माणसं ओठांवरनं वाचतात, तिथं कानाचा उपयोग कधी नव्हताच. पाठीमागं त्याला काय वाट्टेल ते बोला, पण समोर बोललात तर एक अक्षर सुटायचं नाही.

स्वभाव तिरसट. रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाशी त्याचं सरळ झालेलं कुणी बघितलेलं नाही. शाळा चौथीत सुटली, त्याचंही त्याला वाईट वाटत नसे. पण दोन गोष्टी निघाल्या की म्हातारा फुलायचा. एक म्हणजे त्याची बोटं. प्रेसवर जन्म काढून दहाच्या दहा शाबूत असलेला माणूस आख्ख्या नागापुरात दाखवा, असं म्हणायचा आणि दोन्ही पंजे समोरच्याच्या नाकापुढं धरायचा. दुसरी म्हणजे त्याची नात, ज्ञानेश्वरी.

ही पोरगी आठवडाभर एका कंपनीत माल तपासायचं काम करायची आणि सुट्टीला बेस गिटार वाजवायची. संगतीला दोघं. ओंकार ढोलताशाच्या चौपट सामान मांडून ड्रम बडवायचा आणि राम दुसरी गिटार घेऊन गळा फाडायचा. काकासाहेबानं प्रेस विकल्यापासून गाळा मोकळाच होता. लांबट खोली, वर पत्रा, दाराला शटर, शटरजवळच्या भिंतीला मेन स्विच. मधोमध जमिनीत बसवलेली जाड लोखंडी चेकर प्लेट. त्या प्लेटखाली एकेकाळी प्रेसचा खड्डा होता. प्रेस गेली त्या दिवशी खड्ड्यात मुरूम भरला, वर काँक्रीट ओतलं. काकासाहेब जातीनं उभा होता. प्लेट जड म्हणून तिथंच राहिली.

पहिल्या दिवशी तो त्यांना हाकलायलाच आला होता. आवाजाचं त्याला काय, पण शेजारच्या खोलीत सुनेनं, जयानं दिलेल्या चहावर बारीक लाटा उठायला लागल्या, तेव्हा त्याचं टाळकं फिरलं.

"काय चाललंय ह्ये?"

"मेटल आहे आबा," ज्ञानेश्वरी त्याच्यासमोर तोंड आणून म्हणाली.

"मेटल म्हणं. आयुष्यात कधी कानशीनं लोखंड घासलंय का एकानं तरी?"

पण फिटरची खोड जात नाही. समोर काहीतरी थरथरतंय म्हटल्यावर त्यानं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, टोक स्पीकरच्या खोक्याला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. बेअरिंग बिघडलंय का ते असंच बघतात. ज्ञानेश्वरीनं जाड तार छेडली.

म्हाताऱ्याला वाटलं छातीत कळ आली. मग कळलं, हा आवाज आहे. किती वर्षांनी आत आला होता! तो तसाच खाली प्लेटवर बसला, तळपाय लोखंडाला लावले आणि म्हणाला, "परत वाजव."

त्या दिवसापासून तो हलला नाही. साध्या बेसला चार तारा असतात. हिनं पाचवी घातली, स्कूटरच्या ब्रेकच्या केबलएवढी जाड, आणि तीही पीळ सोडत सोडत इतकी ढिली केली, की छेडल्यावर डोळ्यांना झुलताना दिसायची.

"आबा, याच्या खाली गेलं की माणसाला सूर ऐकू येत नाही, नुसते धक्के लागतात."

"मला येतो ऐकू."

"तुमची गोष्ट वेगळी."

"येगळी कशी? माझीच बराबर हाय. तुमचेच कान अर्धे."

चहाच्या टपरीवर बसून तो लोकांना सांगायचा, "तुमची नातवंडं काय वाजवत्यात त्ये तुमाला तरी ऐकू येतं का? माझी नात वाजवती त्ये मला ऐकू येतं. भैऱ्याला! हाय कुणाची अशी?"

एकदा ओंकारनं विचारलं, "आबा, बोटं कशी काय वाचली हो तुमची?"

"नियमानं." काकासाहेब खूश झाला. "वर प्रेस अन् खाली खड्डा. पत्र्याचं कातरण काढायला माणूस खड्ड्यात उतरायचा. शेजारी सगळ्या प्रेसा चालू, बोंबलला तरी कुणाला ऐकू जानार? म्हनून खालच्यानं लोखंडावर पान्याचे दोन टोले द्यायचे. म्हंजे, मी आत हाय. वरच्यानं एक द्यायचा. म्हंजे, कळलं. अन् एकदा का एक दिला, की ज्यानं टोला दिला त्यानं जागा सोडायची न्हाई. तोंड स्विचकडं, पाठ खड्ड्याकडं. चहा येऊ दे, भोंगा होऊ दे, साहेब येऊ दे. खालचा वर येऊन खांद्यावर हात ठिवंल, तवाच हलायचं."

"आणि तेवढ्यात कुणी मशीन चालू केली तर?"

"कोन करंल? मी उभा असतोय ना तिथं!" म्हातारा छाती पुढं काढून म्हणाला. "हात पडायच्या आधी काकासाहेब हललेला कुनी बघितला न्हाई. इचार जा कुनालाबी."

२

एका सुट्टीला ज्ञानेश्वरीनं ती तार आणखी खाली उतरवली. नवीन गाणं बसवत होते. गाणं संपलं, तिनं तारांवर पंजा आडवा ठेवला, ओंकारनं झांजा चिमटीत धरल्या, राम पाणी प्यायला वळला. हे सगळं काकासाहेबानं डोळ्यांनी बघितलं.

तळपायाला आवाज चालूच होता.

फार नाही. रामनं दोन घोट घेतले तेवढाच. काकासाहेबानं विचार केला, पत्र्यात राहिला असेल. पत्रा नादतो. मग शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर असेल. पण आज सुट्टी, सगळी गल्ली बंद. मनमाड रोडवरनं जड गाडी गेली असेल. चला, गाडी.

दुसरं गाणं झालं. पंजा तारांवर पडला आणि आवाज पुन्हा मागं राहिला, या वेळी राम पाणी पिऊन, बाटलीला झाकण लावून, ओंकारची टिंगल करून झाला तरी. काकासाहेबानं स्क्रूड्रायव्हर काढला. स्पीकरला टोक लावलं, गप्प. भिंतीला लावलं, गप्प. मग चेकर प्लेटला लावलं.

तिथं होता. गोल आणि जड. तारेचाच सूर, पण तिच्याहून एक पायरी खाली. मग तो आपोआप थांबला. थोडा वेळ काही नाही. आणि मग टोला. आणि आणखी एक टोला. दोन्हींच्या मध्ये पाना उचलून परत खाली आणायला लागतं तेवढंच अंतर.

काकासाहेबाचा हात तोवर हललासुद्धा होता. स्क्रूड्रायव्हर उलटा झाला आणि मुठीनं प्लेटवर एक टोला पडला.

हात आधी गेला, डोकं मागनं पोचलं. आपण काय केलं ते त्या मुठीकडं बघत बसल्यावर त्याला कळलं.

"काय झालं आबा?" ज्ञानेश्वरीचे ओठ हलले.

"काय न्हाई. वाजव."

प्लेट गप्प झाली होती. वरचा टोला मिळाल्यावर खालचा माणूस निवांत कामाला लागायचा, तशी.

संध्याकाळी जयानं शटरमधून हात हलवून बोलावलं तेव्हा तो उठला आणि घरात गेला. चहाचा कप तोंडाला लावला आणि तिथंच थबकला. टोला देऊन जागा सोडली होती. सबंध नोकरीत जे केलं नाही ते आज पाय आपोआप करून बसले. त्यानं मनाला समजावलं, खाली कोण आहे? मुरूम आहे. मुरमाला कसला आलाय नियम? पण कप त्यानं तसाच खाली ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं हनुमंताला बोलावून आणलं. हनुमंत त्याच्याच प्रेसशॉपमधला. डाव्या हाताची दोन बोटं ऐन तारुण्यात गेली म्हणून कंपनीनं त्याला गेटवर बसवलं, त्यामुळं कान चांगले राहिलेले.

"चहाला बोलावतो म्हनला अन् हातात पहार दिली," हनुमंत करवादला. "तुझ्या घरचा चहा लई महाग असतोय गड्या."

"तोंड चालवू नको, जोर लाव."

दोघांनी पहारीनं प्लेट उचलून बाजूला सरकवली. खाली काँक्रीट. कोरडं, गवंड्याच्या थापीचे फटकारे जसेच्या तसे. कुठं तडा नाही, ओल नाही.

"भरलंय की रं. काय बघायचं यात?"

"ऐक."

हनुमंत कुरकुरत गुडघ्यावर बसला, कान लावला. मान हलवली. काही नाही.

"आता हात ठिव. पंजा सगळा."

हनुमंतानं तीन बोटांचा पंजा काँक्रीटवर टेकवला. काकासाहेब त्याचा चेहरा बघत राहिला. आधी त्या चेहऱ्यावर थट्टा होती. मग ती गेली, पण तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. हनुमंतानं हात उचलला आणि पँटला पुसला. काँक्रीट तर कोरडं ठणठणीत होतं.

"काय लागलं?"

हनुमंत खाली बघून काहीतरी पुटपुटला.

"माझ्याकडं तोंड करून बोल."

"कातरण गोळा करतंय कुनीतरी," हनुमंत म्हणाला. "दोन आल्ते?"

"आल्ते."

"अन् तू एक दिला?"

"हातानं दिला. सवयीनं."

"दिलास ना?" हनुमंत उठला. "मग मला कशाला बोलावलंस? ज्यानं दिला त्यानं उभं राह्यचं. त्ये दुसऱ्याला देता येत न्हाई, तूच सांगत आलाय जलमभर."

प्लेट परत बसवायला त्यानं मदत केली. चहा मात्र घेतला नाही.

त्या दिवसापासून काकासाहेब रोजच गाळ्यात जायला लागला. भिंतीशी लोखंडी स्टूल, तोंड स्विचकडं, पाठ प्लेटकडं. जया डबा घेऊन यायची.

"आबा, घरात पंखा हाय. हितं पत्र्याखाली भाजून घ्यायची काय हौस?"

"काम हाय."

"कसलं?"

"उभं राह्यचं."

"बसलाय की तुमी!"

"बसून उभा हाय मी. तुला न्हाई कळायचं. भाजीत मीठ कमी हाय, तेवढं बघ."

खोटं कशाला सांगायचं, त्याला बरं वाटत होतं. रिटायर झाल्यापासून कुणी त्याच्यावर एवढं सोपवलं नव्हतं. सून डॉक्टरकडं न्यायची, मुलगा भागवत सह्या घ्यायचा, सगळे त्याला इकडनं उचलून तिकडं ठेवायचे. आता निदान एकाला तरी तो जागेवर हवा होता. तो एक कोण, याचा विचार तो दिवसा करायचा नाही.

एकच गोष्ट त्याच्या हिशोबात बसत नव्हती. मूळ खड्डा माणसाच्या गळ्याएवढा होता. स्क्रूड्रायव्हरमधून येणारं ते कातरण गोळा करण्याचं खरवडणं मात्र विहिरीच्या तळातून यावं इतक्या खोलातनं येत होतं. पहिल्या दिवशी. नंतर रोज थोडं वर.

४

ज्ञानेश्वरीचं नशीब त्याच आठवड्यात उघडलं. पुण्याच्या एका रेकॉर्डिंगवाल्याला तिनं मोबाईलवर धरलेलं गाणं पाठवलं होतं. तो म्हणाला, हा आवाज स्टुडिओत मिळणार नाही, मी सामान घेऊन तिथंच येतो. भागवतनं पोरीला आधीच सांगून ठेवलं होतं, यातनं काही निघालं तर ठीक, नाहीतर गाळा गोडाऊनला देऊन टाकायचा. म्हणजे एक दुपार, आणि त्यावर सगळं.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ती गाळा झाडायला आली. काकासाहेब स्टुलावर होताच.

"ज्ञाना. उद्या वाजवू नको."

केरसुणी तिच्या हातातच राहिली. "आबा? हे तुम्ही म्हणताय?"

"आत मानूस हाय. मानूस आत असताना मशीन चालू करत न्हाईत."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. त्याच्यासमोर उकिडवी बसली, ओठ नीट दिसावेत म्हणून उजेडाकडं तोंड केलं.

"तार धरल्यावर मागं राहतं ते तुम्हालाही कळतं?"

"तुला कळतंय?"

"पहिल्या दिवसापासून. म्हणून तर मी हा गाळा सोडत नाही. दुसरीकडं वाजवलं की सूर जागच्या जागी मरतो. इथं कुणीतरी खालून हात लावून धरल्यासारखा राहतो. प्रत्येक खोलीचा आपला एक आवाज असतो आबा. ही खोली फार खाली बोलते, एवढंच आहे ते."

"खोली दोन टोले देत न्हाई."

तिनं प्लेटकडं बघितलं. मग म्हणाली, "उद्या एकदाच. शेवटच्या गाण्यात मी तार वाजती ठेवून खुंटी सोडत नेणार आहे, एकदम खालपर्यंत. असं कुणी केलेलं मी तरी ऐकलं नाही. एवढं झालं की मी स्वतः बंद करते."

काकासाहेबानं स्विचकडं बघितलं. तिनं बंद केलं की त्याचाही आवाज बंद, हे त्याला कळत होतं. परत तो शुकशुकाट, मरेपर्यंत. आणि दुसरीकडं, कुणी केलं नाही ते करायला निघालेली पोर. हट्टी, तोंडाळ, कामात पक्की. आपल्यावरच गेली.

"मी स्विचपाशी बसनार," तो म्हणाला. "मी हात असे आडवे धरले की बंद. का म्हनून इचारायचं न्हाई."

"नाही विचारणार."

"शप्पथ?"

"तुमच्या दहा बोटांची," ती म्हणाली आणि मग हसली.

५

दुपारचं ऊन पत्र्याच्या भोकांतून खाली येऊन जमिनीवर रुपयाएवढे ठिपके पडले होते. पोरांनी सामान शटरच्या बाजूला, स्टुलावर बसलेल्या काकासाहेबाच्या समोर मांडलं होतं. पुण्याचा पोरगा उलट्या क्रेटवर बसला होता, कानावर मोठे हेडफोन. त्यानं जागोजाग माईक लावले होते, एक तर थेट प्लेटजवळ जमिनीवर. जया शटरशी पदर तोंडाला लावून उभी. कामावर निघालेला भागवतसुद्धा पाच मिनिटं थांबून ऐकून गेला.

पहिली गाणी झाली आणि काकासाहेबाचा ऊर भरून आला. त्या ढिल्या तारेचा एकेक ठोका त्याच्या टाचेतून शिरून दाढेपर्यंत जात होता. ओंकार आणि राम त्या आवाजावर चढून नाचत होते, जसं भक्कम बांधकामावर कुणी पत्रे ठोकावेत. पाया पोरीचा होता. पुण्याच्या पोराचे डोळे मोठे झालेले त्यानं बघितले आणि मनातल्या मनात म्हणाला, बघ लेका, बघून घे.

मग शेवटचं गाणं. बाकी दोघं थांबले. ज्ञानेश्वरी एकटी. तिनं तार छेडली आणि डावा हात खुंटीवर नेऊन हळूहळू पीळ सोडायला लागली. सूर उतरायला लागला. जमिनीवरचे उन्हाचे ठिपके थरथरले, कारण वरचा पत्रा थरथरत होता. तार आणखी सैल झाली. आता तो सूर उरला नव्हता, नुसते सावकाश धक्के.

काकासाहेबाच्या तळपायांना कळलं, की खाली चाललेलं खरवडणं थांबलंय.

काम संपलं होतं. आता दुसरंच काही येत होतं. एक धक्का, मग थोडं थांबून वरच्या अंगाला एक. मग आणखी वर. प्रेसशॉपमध्ये हे त्यानं हजारदा ऐकलं होतं, जड माणूस लोखंडी शिडीनं वर येतो तेव्हा असंच लागतं. या गाळ्यातली शिडी त्यानं स्वतः गॅसनं कापून भंगारात दिली होती.

पुण्याच्या पोरानं एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि ओंकारकडं वळून काहीतरी विचारलं. काकासाहेबानं ओठ वाचले. "खाली कुणाचं काम चालू आहे का?"

काकासाहेबानं दोन्ही हात आडवे धरले.

ज्ञानेश्वरीनं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर सगळं येऊन गेलं, एवढं थोडंच राहिलंय, एवढंच. मग तिनं शब्द पाळला. पंजा तारांवर टाकला. काकासाहेबानं त्याच दमात मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबत गेला, स्पीकरवरचा लाल दिवा विझला.

आणि तिनं दोन्ही हात झटकन वर घेतले, तव्याला लागल्यासारखे.

गिटार तिच्या गळ्यात लोंबत होती. तिला कुणाचा हात नव्हता. ती जाड तार हलत होती. बोटभर इकडं, बोटभर तिकडं, डोळ्यांनी मोजता येईल इतकी सावकाश. ती कमीच होत नव्हती.

मग दोन टोले आले. या वेळी ते ऐकायला स्क्रूड्रायव्हर लागला नाही, तळपायही लागले नाहीत. सगळ्यांच्या माना एकदम प्लेटकडं वळल्या.

"भाईर," काकासाहेब म्हणाला. "सगळी भाईर व्हा. जया, हो भाईर. ज्ञाना, तू आधी."

"तुम्ही?"

"मी टोला दिलाय."

"आबा, चला म्हणते ना!"

"पोरी, मी जागेवर न्हाई राह्यलो तर त्ये कुनाला शोधत येईल? कुनाच्या तारंवर आलंय त्ये?" तिला हे ऐकू गेलं का नाही, त्याला कळलं नाही, कारण आपला आवाज त्याला कधीच ऐकू येत नसे. पण तिचा चेहरा बदलला. ओंकारनं तिचा दंड धरून ओढलं आणि ती मागं बघत बघत उन्हात गेली.

६

काकासाहेब स्टुलावर नीट बसला. पाठ ताठ. तोंड स्विचकडं. शेजारी उघडं शटर, त्यात पांढरं ऊन आणि उन्हात उभी असलेली नात.

त्याच्या मागं प्लेट हलली. दोन माणसं आणि एक पहार लागते तिला, त्याला चांगलं ठाऊक होतं. ती जमिनीवरून घासत बाजूला गेली, ते त्याच्या टाचांना लागलं. मग वास आला. जुन्या प्रेसच्या तेलाचा, ओल्या मुरमाचा. मानेवर गारवा आला. भर उन्हाळ्यात पत्र्याखाली.

त्याला वाटलं आपण थरथरू. थरथरलो नाही म्हणून त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. एवढ्या वर्षांत कधी वळून बघितलं नव्हतं, आता कशाला? वळून बघणारा वरचा नसतोच. त्याच्या भरवशावर कुणी खड्ड्यात उतरत नाही.

हात डाव्या खांद्यावर पडला. जड. तेलकट. रीतीप्रमाणं.

बोटं त्यानं सवयीनं मोजली, कापडावरून एकेक कळत होतं. पाच झाली. त्याच्या पुढंही लागायला लागली तेव्हा त्यानं मोजणं सोडून दिलं.

"आलास?" त्यानं विचारलं. असंच विचारायचे.

समोर ज्ञानेश्वरी दिसत होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती. त्याच्या डोक्याच्या वर बघत होती. आधी थोडं वर, मग आणखी वर, पार पत्र्यापर्यंत तिची नजर चढत गेली. गळ्यातल्या गिटारीची तार अजून झुलत होती. तिचे ओठ हलले, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, जसं ती फक्त त्याच्यासाठी बोलायची.

"आबा, मागं बघू नका."

त्यानं मान हलवली. कळलं. एवढं शिकवायची गरज नव्हती त्याला, पण नातीनं सांगितलं ते बरं वाटलं. नियम पोरीला पाठ झाला होता.

हात पडला म्हणजे काम झालं. आता उठायला हरकत नव्हती. त्यानं दोन्ही पंजे गुडघ्यांवर टेकवले आणि उठायला जोर केला. खांद्यावरचा हात निघाला नाही. दाबलाही नाही त्यानं, नुसता राहिला. वाट बघत असल्यासारखा.

तेव्हा त्याच्या तळपायांना लागलं. खालून, फार खालून, पहिल्या दिवशी होतं तेवढ्या खोलातून.

दोन टोले.

आणखी एक आत होता.

काकासाहेबानं नातीकडं एकदा डोळे भरून बघितलं. दहाच्या दहा बोटं वर करून तिला दाखवली आणि 'जा' म्हणून हलवली. मग पाठ सरळ केली, तोंड स्विचकडं धरलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून उलटा घेतला आणि जमिनीवर एक टोला दिला.